दुसरा भोंगा

खाणीवर सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजवायचं काम माझ्याकडे होतं. कागदोपत्री मी टाइमकीपर. सकाळी माणसांची हजेरी घ्यायची, उशिरा येणाऱ्यांशी वाद घालायचा आणि दुपारी बाराला खांबावरच्या भोंग्याचं बटण दाबायचं. पहिला भोंगा खालीवर होत वाजायचा. तो ऐकला की खड्ड्यातली माणसं आणि ट्रक मागे हटायचे. मग पायाखालची जमीन हादरायची, तांबडी धूळ उठायची, आणि सुरुंगवाला लांबून हिरवं फडकं हलवायचा. ते दिसलं की मी दुसरा भोंगा द्यायचो, लांब आणि एकाच सुरात. धोका टळला, जेवायला बसा, असा त्याचा अर्थ. मुळगावात आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बायकाही या दुसऱ्या भोंग्यावर भात उतरवायच्या. मी तो दिला की पुढच्या मिनिटाला माझा डबा उघडलेला असायचा. आजूबाजूला काय चाललंय ते बघायची मला गरज वाटत नसे.

माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर मॅनेजरसाहेबांच्या बंगल्याची मागची बाजू होती, आणि तिथे पत्र्याच्या खोपट्याला एक अल्सेशियन कुत्रा बांधलेला असे. चांगला वासराएवढा. ही मेंढ्या राखणारी जात, असं साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आमच्या तालुक्यात मेंढ्या कुठून असणार? त्यामुळे तो काहीच राखत नव्हता. अंगाने एवढा थोरला, पण माणूस दिसला की पोटावर सरपटत खोपट्यात शिरायचा. पहिला भोंगा वाजला की आतून साखळी थरथरल्याचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. चार वर्षं यायचा. तो आवाज मी ऐकला आणि चार वर्षं काही केलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे केलं त्यावरून कोणी मला भला माणूस समजू नये.

साहेबांची बदली झाली. सामान ट्रकात चढलं, कुत्रा राहिला. मागवून घेतो, असं ते म्हणाले होते. दोन महिने गेले तरी कोणी मागवला नाही. तेवढे दिवसही आधीसारखाच बंगल्याचा राखणदार त्याला भाकरी घालत होता. हा म्हातारा हद्दीपलीकडचा, महाराष्ट्रातल्या आरोंद्याकडचा. त्याची मुलगी पेडण्यातल्या केरीला दिलेली होती.

गोव्यात ते भाषेवरून भांडणाचे दिवस होते. कोकणी की मराठी, यावरून बापलेकांत बोलणं बंद झालेली घरं मला माहीत आहेत. आमच्या घरीही तेच. मेहुणे कोकणीच्या मोर्च्यांना जायचे, मी मराठी पेपर छातीशी धरून घराच्या पुढच्या सोप्यावर बसायचो. बायको माहेरच्या बाजूने. भांडायचो मात्र दोघंही एकाच बोलीत.

त्यातल्याच एका दुपारी मी पहिला भोंगा दिला आणि सुरुंग उडायची वाट बघत बसलो. तेवढ्यात खालून एक ट्रक वर आला. त्याची पुढची काच फुटलेली होती. ड्रायव्हर म्हणाला, रस्त्यावर झाडं आडवी घातलीत, टायर जाळलेत, आता निघालात तर घरी पोचाल. झालं, जो तो डबे, पिशव्या घेऊन पळाला. सुरुंगवाला आणि दोघं जण मागे राहिले. दारू भरलेली सुरुंगाची भोकं त्यांनी पाणी सोडून निकामी केली, हे मला मागाहून कळलं. सुरुंग उडालाच नाही. मी हजेरीचं पुस्तक कपाटात टाकलं, कुलूप लावलं आणि निघालो.

फाटकापाशी राखणदार गाठोडं घेऊन उभा होता. तो मुलीकडे केरीला निघाला होता, शांत झाल्यावर येईन म्हणाला. मग मागे वळून त्याने खोपट्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्याला मी नेतो. का म्हटलं? घरी विचारलेलं नव्हतं, कुत्र्यांची मला हौस नव्हती. खाण बंद, बंगला बंद, आणि तो साखळीला बांधलेला. दोन दिवसांत मेला असता. एवढं मलासुद्धा समजत होतं.

फाटकापर्यंत मी त्याला अक्षरशः ओढत नेला. त्यानंतर तो चालायला लागला, पण कुंपणाला अंग घासत, शेपूट पोटाखाली घालून. जळक्या टायरांचा वास सगळीकडे भरलेला होता. त्या रस्त्याने मी आणि एवढा थोरला थरथरता कुत्रा. कोणी आम्हाला अडवलं नाही. घराच्या अलीकडे ओहोळ आहे. तिथे मी त्याचा पट्टा आणि साखळी दोन्ही काढली आणि पाण्यात भिरकावून दिली. जा बाबा, सुटलास, असंही काहीतरी म्हणालो. मोठं पुण्य पदरात पडल्याच्या थाटात घरी आलो.

तो मागच्या पडवीतल्या जुन्या पलंगाखाली शिरला आणि तिथेच राहिला.

पहिल्या दिवशी खाल्लं नाही, त्याचं आम्हाला काही वाटलं नाही. नवी जागा आहे, भूक लागली की येईल. दुसऱ्या दिवशी बायकोने पेजेत दूध घालून दिलं. तिसऱ्या दिवशी बांगडा भाजून काटे काढून ठेवला. त्याने वास घेतला, तोंडाला सुटलेली लाळ मला दिसत होती, पण मान पुन्हा पुढच्या पायांवर टाकली. भूक नव्हती असं नाही. म्हणून तर डोकं फिरायची वेळ आली. पहाटे कधीतरी तो परसात जाऊन यायचा, भांड्यातलं पाणी थोडं कमी झालेलं दिसायचं, तेवढाच त्याच्या जिवंतपणाचा पुरावा.

साहेबांनी त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं. त्या नावाने हाक मारली की तो आणखी भिंतीकडे सरकायचा. म्हणून नाव टाकून दिलं. शेजारचे लोक सल्ले द्यायला येऊन बसायचे. एकाचं म्हणणं, साहेब हिंदी बोलायचे, तुम्ही हिंदीत बोला. दुसरा म्हणाला, गोव्यातला कुत्रा आहे, कोकणी कळत नाही म्हणजे काय? त्यावरून माझ्याच पडवीत दोघांची जुंपली. मी दोघांनाही बाहेर काढलं. त्याआधी पलंगासमोर पालथा पडून त्याच्याशी हिंदीत बोलून झालं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी बायको देवळात जाऊन कौल लावून आली. पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे देवाने होय म्हटलं, तो जगणार. मी म्हटलं, हे देवाने कुत्र्यालाही कळवलं तर बरं होईल. ती त्याच्या भांड्यातलं पाणी बदलायला गेली. एरवी बोलली असती. हा आणायच्या आधी तिला विचारलं नाही म्हणून पहिले दोन दिवस ती माझ्यावर धुमसत होती. आता स्वयंपाक टाकून पडवीच्या उंबऱ्यावर बसून राहायची. आमच्या घरात मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल आम्ही बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं. ती तिथे तशी बसलेली दिसली की मला परसात जाऊन काहीतरी तोडावंसं वाटायचं.

सातव्या दिवशी साखळी गावाहून गुरांचे डॉक्टर आले. रस्ते मोकळे झाले होते, पण ट्रक अजून बाहेर पडत नव्हते, त्यामुळे आसपासच्या सगळ्या खाणी गप्प होत्या. आम्ही दोघांनी त्याला पलंगाखालून ओढून काढला. डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं. त्याने दात दाखवले नाहीत, गुरगुरलाही नाही. डोळे मिटून घेतले. आजार काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. याने मनच काढून घेतलंय. आणखी दोन दिवस बघा, नाहीच खाल्लं तर मला बोलवा, मी इंजेक्शन देतो, त्रास होणार नाही. हे ते अगदी मायेने म्हणाले. ते गेल्यावर मी त्यांना वाटेल ते बोललो.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते लिहायला नको वाटतं. मऊ भाताचा गोळा केला, पलंगाखाली हात घालून त्याचा जबडा धरला आणि गोळा आत कोंबला. त्याने तो बाहेर टाकला. मी पुन्हा कोंबला. खा, मेल्या, खा, असं मी ओरडत होतो. एका चाव्यात माझी बोटं तुटली असती एवढे त्याचे दात, पण त्याने तोंड मिटलंसुद्धा नाही. भीतीने त्याला जागीच लघवी झाली. ती माझ्या गुडघ्यापर्यंत आली तेव्हा मी ताट उचलून भिंतीवर फेकलं. भात सगळ्या पडवीत उडाला.

बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "ताका मरपाकच घरा हाडलो तुमी?"

ती फडकं घेऊन आली, आधी त्याच्या बाजूची फरशी पुसली, मग माझ्यासमोरची. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो आणि रडलो. चार वर्षं त्याची साखळी थरथरताना ऐकली, आणि सोडवून आणला तो असा मारायला. तिथे निदान राखणदाराच्या हातची भाकरी तो खात होता. हे मनात आलं आणि तिथेच अडकलं. राखणदाराच्या हातची खात होता, मग माझ्या का नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली. बायको म्हणाली, जेवायला येणार की नाही ते सांगून जा. भोंगा नसल्यापासून तिचा रोज भात करपत होता, सगळ्या वाड्याचीच जेवणं अवेळी होत होती. मी ऐकलं आणि किक मारली. हे शब्द माझ्या कानांवरून गेले, आणि भोंगा तर मीच वाजवणारा. तरी डोक्यात काही पेटलं नाही.

अस्नोडा, कोलवाळचा पूल, पेडणे. रस्त्याच्या कडेला अजून तोडलेल्या झाडांचे बुंधे पडलेले होते. केरीला पोचलो तेव्हा राखणदार मुलीच्या अंगणात फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून तो उठला, आणि मी बोलायच्या आधीच त्याने विचारलं, गेला काय? मी म्हटलं, अजून नाही, पण उद्यापर्यंत जाईल. आठ दिवस झाले, कशाला तोंड लावत नाही. तुम्ही त्याला काय घालत होता? काय म्हणून हाक मारत होता?

तो म्हणाला, साधी तांदळाची भाकरी आणि माशाचं पाणी. हाक कधी मारली नाही. मग त्याने मला विचारलं, खाण चालू झाली का? मी म्हटलं, नाही, त्या दिवसापासून बंदच आहे. त्याने जाळं बाजूला ठेवलं.

"मगे तो खावचो नाय, भाऊनु. पयलो भोंगो तुमी दिलास. दुसरो खंय झालो?"

मला पटकन कळलं नाही. त्याने शांतपणे उलगडून सांगितलं. पहिला भोंगा झाला की कुत्रा आपण होऊन खोपट्यात शिरायचा. दुसरा झाला की बाहेर यायचा. तेव्हा राखणदार त्याला तासभर मोकळा सोडायचा आणि मग भाकरी द्यायचा. दिवसातलं एकच जेवण, ते दुसऱ्या भोंग्यानंतर. सुट्टीच्या दिवशी खाणीवर भोंगा होत नसे, त्या दिवशी तो उपाशीच राहायचा. भाकरी समोर ठेवली तरी शिवत नसे.

"तेच्या मनान सुरुंग अजून उडूक नाय," तो म्हणाला. "तो वाट बघता."

आठ दिवस. त्या दिवशी मी भोंगा दिला, सुरुंग रद्द झाला, आणि सगळ्यांबरोबर मीही पळालो. सुरुंग रद्द झाला तरी दुसरा भोंगा द्यायचा असतो, हा नियम मी स्वतः नव्या पोरांना घोकायला लावला होता. माणसांना त्याने काही फरक पडला नाही, ती आपापल्या घरी जाऊन जेवली. एक जीव तेवढा माझ्या पलंगाखाली पडून राहिला. केव्हाही जमीन हादरेल म्हणून दबून, धोका टळला असं मी सांगायची वाट बघत. आणि ते सांगायचं सोडून मी त्याचा जबडा उघडत होतो.

मुलीने चहा आणला, तो मी घेतला की नाही आठवत नाही. परत येताना सरळ खाणीवर गेलो. वीज तोडलेली होती, त्यामुळे खांबावरचा भोंगा निरुपयोगी. पण वीज गेली तर म्हणून हाताने फिरवायचा एक भोंगा कपाटात असायचा. तो गोणपाटात गुंडाळून स्कूटरच्या पुढ्यात ठेवला. कोणाला विचारलं नाही. विचारायला कोणी नव्हतंही.

त्या दिवशी बारा केव्हाच वाजून गेले होते. मी लगेच वाजवतो म्हटलं, तर बायको नको म्हणाली. चार वर्षं बाराला ऐकलंय त्याने, बाराच वाजू देत. त्या रात्री तो मेला तर, हे दोघांच्याही मनात होतं. सकाळी मी वाकून बघितलं, त्याची फासळी हलत होती.

दुसऱ्या दिवशी तिने तांदळाची भाकरी केली आणि माशाचं पाणी. शेजाऱ्यांना सांगून ठेवलं, कारण त्या दिवसांत भोंगा ऐकून कोणी काय समजलं असतं सांगता येत नाही. मी सोप्यावरच्या कदेलीला, म्हणजे जड लाकडी खुर्चीला, भोंगा बांधला. भीती एकच होती. हाताचा भोंगा सुरू होताना खालून वर चढतो. त्याला तो पहिलाच वाटला तर? आधीच अर्धा मेलेला, धसक्यानेच गेला असता. घड्याळात बारा झाले. देवाला मी फारसं काही मागत नाही, तेव्हा मागितलं. मग दांडा धरला आणि एकदम जोराने फिरवला, सूर वर गेल्यावर तिथेच धरून ठेवला. हात भरून आले तरी सोडला नाही.

आवाज थांबला. पडवीतून काही ऐकू आलं नाही. मी बायकोकडे बघितलं, तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. बराच वेळ गेला. संपलं, असं मी मनात म्हटलं.

मग फरशीवर नखं वाजली. तो पडवीच्या दारातून आला, भिंतीला धरून, पाय लटपटत. आमच्या घरात पहिल्यांदाच उजेडात आला होता. पाठीचा कणा आणि पोट एक झालं होतं. तो थेट माझ्यासमोर येऊन थांबला. मी भाकरीचं ताट पुढे सरकवलं. त्याने त्याकडे बघितलंही नाही. मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला. मी ताट आणखी जवळ सरकवलं. त्याने मान आणखी पुढे केली, माझ्या हाताच्या दिशेने. त्याचे मागचे पाय थरथरत होते, उभं राहणं जमत नव्हतं, तरी मान हलत नव्हती.

"साखळी," बायको म्हणाली.

गळ्यात साखळी नव्हती. पट्टाही नव्हता. दोन्ही ओहोळाच्या तळाशी होते, मीच टाकले होते. पट्ट्याने केस घासून गेलेली जागा तेवढी होती, गळ्याभोवती पूर्ण गोल. मी गुडघ्यांवर बसलो. दोन्ही हात त्या उघड्या कातडीवर नेले, कडी शोधल्यासारखी बोटं फिरवली, आणि नसलेली कडी काढली. साखळी बाजूला ठेवल्यासारखा हातही बाजूला नेला.

त्याने डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. मग ताटाकडे वळला आणि खाऊ लागला.

अर्धी भाकरी खाऊन तो थकून तिथेच बसला. बायकोने उरलेली अर्धी माशाच्या पाण्यात कुस्करून त्याच्यापुढे धरली, ती त्याने पडल्या पडल्या चाटून खाल्ली. ती पदराने डोळे पुसत होती. मी हातांकडे बघत बसलो. पहिल्याच दिवशी मी याला सोडवला, असं मी समजून चाललो होतो.

पंधरा दिवसांनी खाण चालू झाली. हातभोंगा मी परत कपाटात ठेवला. तेव्हापासून बाराला खांबावरचा भोंगा मी खाणीवर द्यायचो, आणि घरी तो पलंगाखालून बाहेर येऊन मान पुढे करायचा. बायको हात पुसून त्याच्या गळ्यातली नसलेली साखळी काढायची. रविवारी, सुट्टीला मीच सोप्यावर उभा राहून तोंडाने भोंग्यासारखा आवाज काढायचो. शेजारी हसायचे. त्यांना हसू दिलं. तो सात वर्षं आमच्याकडे होता आणि साखळी काढल्याशिवाय कधी जेवला नाही. माणसांना शेवटपर्यंत भ्यायचा. आम्हा दोघांना जरा कमी.

खाणीवर दुसरा भोंगा दिल्यावर मी आता डबा लगेच उघडत नसे. सुरुंगवाला चिडवायचा, काय हो, उपास सुरू केलात काय. मुळगावात तो पडवीतून सोप्यापर्यंत येईल, ती हात पुसून त्याच्याजवळ बसेल, बोटं फिरवून कडी काढेल, एवढा वेळ मी मनात मोजायचो आणि मग जेवायला बसायचो.